आजी माणूसच राहू दे की हत्तीण करू?

तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा तू जोडलेली स्केचेस समोर ठेवून. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. ही मुलगी ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे, डिप्लोमा फिल्म करायचीय, साधारण पाच मिनिटांची. गोष्ट तिची स्वतःची आहे, आयुष्यभर शिवणकाम केलेली आजी हळूहळू सगळ्यांची नावं विसरत चाललीय, पण सुई हातात दिली की दोरा अजून बरोब्बर ओवते, आणि नात हे बघतेय. गाईडने सांगितलं की माणसंच दाखवायची असतील तर कॅमेरा घेऊन शूट कर, ॲनिमेशन कशाला, आजीला हत्तीण कर आणि नातीला पिल्लू, बोलके प्राणी असले की फिल्म बघितली जाते आणि कामही मिळतं. वर्गातल्यांचंही तेच मत. तिच्या पोर्टफोलिओत मात्र जवळपास सगळी माणसंच आहेत, तर आता सगळं बदलू का आणि माझं करिअर चुकलंय का, असं तिने विचारलंय.

करिअर चुकलेलं नाही. हे आधी सांगते कारण पत्राच्या शेवटच्या चार ओळीत तू फार घाबरलेली वाटलीस.

आता गाईडच्या म्हणण्याकडे येऊ. ते पूर्ण चूक आहे असं मी म्हणणार नाही, कारण ही समजूत कुठून आली त्याला खरी कारणं आहेत. कॉम्प्युटरवर माणूस बनवणं खूप वर्षं खरंच अवघड होतं. 1995 साली टॉय स्टोरी आला, पूर्ण लांबीचा पहिला कॉम्प्युटर ॲनिमेटेड सिनेमा, त्यात मुख्य पात्रं खेळणी होती, आणि त्यामागे गोष्टीची गरज होती तशी टेक्नॉलॉजीची मर्यादाही होती, प्लॅस्टिक जमत होतं, माणसाची कातडी आणि केस जमत नव्हते, त्या सिनेमातली माणसं बघ म्हणजे कळेल. 2001 मध्ये फायनल फँटसी या व्हिडिओ गेमच्या नावाने आलेल्या सिनेमाने अगदी हुबेहूब माणसं करून बघितली आणि तो सिनेमा आपटला, 2004 च्या पोलार एक्सप्रेसमधल्या पात्रांचे डोळे निर्जीव वाटतात अशी टीका झाली. मासाहिरो मोरी नावाच्या जपानी रोबोटतज्ज्ञाने 1970 मध्येच लिहून ठेवलं होतं की एखादी आकृती माणसासारखी होत होत अगदी जवळ आली, पण पूर्ण माणूस झाली नाही, की बघणाऱ्याला ती आवडायची थांबते आणि भीती वाटायला लागते, यालाच अनकॅनी व्हॅली म्हणतात. आपण जन्मल्यापासून माणसांचे चेहरे वाचत असतो, त्यामुळे माणसात जरा काही चुकलं की लगेच पकडतो. हत्तीच्या भुवईत काय चुकलं ते कोण पकडणार? भुवईच मुळात आपण त्याला आपल्या मनाने दिलेली असते.

पण हा सगळा त्रास हुबेहूब माणसाचा आहे गं, माणसाच्या पात्राचा नाही. तुझी स्केचेस हुबेहूब नाहीतच. आजीची पाठ तू एका वाकड्या रेषेत काढलीयस आणि हात चेहऱ्यापेक्षा मोठे केलेयत, तिथे अनकॅनी व्हॅलीचा प्रश्नच येत नाही. त्याच 2004 मध्ये द इन्क्रेडिबल्स आला, टॉय स्टोरी करणाऱ्या पिक्सार स्टुडिओचा मुख्य पात्रं सगळी माणसं असलेला पहिला सिनेमा, मुलीचे लांब केस आणि सगळ्यांचे कपडे यांनी टीमला प्रचंड घाम फोडला, पण पात्रांचे आकारच इतके ओढूनताणून केले होते की खरी माणसं वाटतायत का हा प्रश्न कुणाला पडला नाही. आणि प्राणी घेतला म्हणजे काम सोपं असंही नाही. मॉन्स्टर्स इंक मधल्या सली नावाच्या त्या मोठ्या निळ्या राक्षसाच्या अंगावर जवळपास 23 लाख केस होते, तो तर प्राणीसुद्धा नव्हता.

मग "शूट का नाही करत" या प्रश्नाचं उत्तर काय? माझ्या मते हा प्रश्न फार चांगला आहे, फक्त गाईडने तो उत्तर असल्यासारखा वापरला. तो स्वतःला विचार आणि खरं उत्तर शोध. जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांचा 2013 चा राजकुमारी कागुयाचा सिनेमा बघ, त्यात ती मेजवानी सोडून पळत सुटते तेव्हा रेषाच बिघडायला लागतात, सुबक चित्र जाऊन कोळशाने खरडल्यासारखे फराटे उरतात, आणि तिच्या मनात काय चाललंय ते त्या फराट्यांतून कळतं. माणसाचंच पात्र आहे, पण कॅमेऱ्याने शूट करून हे मिळणार नाही. किंवा फादर अँड डॉटर ही 2000 सालची मायकेल डुडोक द विट यांची शॉर्ट फिल्म, साधारण आठ मिनिटांची, एक शब्द नाही, चेहरे जवळपास दिसतच नाहीत, लांबून दिसणाऱ्या छोट्या आकृत्या आणि सायकली, आणि त्यात एक मुलगी म्हातारी होईपर्यंतचं आख्खं आयुष्य येतं. तिला शॉर्ट फिल्मचं ऑस्कर मिळालं. ॲनिमेशनमध्ये काय दाखवायचं यापेक्षा काय काढून टाकायचं हे तुझ्या हातात असतं, आणि विसरण्याच्या गोष्टीत याहून मोठं हत्यार कुठलं? आजी विसरत जाते तशा खोलीतल्या वस्तूंच्या रेषा पुसट होत जातील, नातीचा चेहरा नुसता गोल राहील, आणि सुई-दोरा मात्र शेवटपर्यंत ठळक. तुझ्या तिसऱ्या पानावर तू अर्धवट हेच केलंयस, खोडलंयस का ते मला कळलं नाही, खोडू नकोस.

आता हत्तीणीबद्दल. मी मुद्दाम दोन दिवस विचार केला कारण ती कल्पना वाईट नाहीये. हत्तीची स्मरणशक्ती सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे विसरणारी हत्तीण म्हटलं की काहीही न सांगता मोठं नुकसान दिसतं. शिवाय प्राण्यांमुळे एक अंतर मिळतं, ज्यांच्या घरात असं आजारपण आहे त्यांना कदाचित ते बघणं सोपं जाईल. पंचतंत्रातले करटक आणि दमनक कोल्हे आहेत म्हणूनच दरबारातलं राजकारण इतकं उघडपणे सांगता आलं ना. पण तुझी गोष्ट कशावर उभी आहे? हातांवर. डोकं विसरतं आणि बोटं विसरत नाहीत, दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करणं, अंगठा आणि तर्जनीत पिळणं, सुईचं नाक उजेडाकडे धरणं, हे सगळं बोटांचं काम आहे. सोंडेने सुई ओवणारी हत्तीण ही बघायला गंमत वाटेल, लोक हसतील, आणि तुझी वेगळीच फिल्म तयार होईल. म्हणून माझं स्पष्ट मत, या गोष्टीत आजी माणूसच हवी. दुसरी एखादी गोष्ट असती, समजा वास विसरण्याची किंवा कळपाची वाट विसरण्याची, तर मीच तुला हत्तीण कर म्हटलं असतं.

पण माझ्यावरही आंधळेपणाने विश्वास ठेवू नकोस. एकच सीन तीन वेळा काढ, दहा-बारा फ्रेमचा स्टोरीबोर्ड, म्हणजे सीनची क्रमाने काढलेली चित्रं, पुरे. एकदा माणसं, एकदा बोलणारे हत्ती, आणि एकदा न बोलणारे हत्ती. तिसरा प्रकार तुझ्या गाईडने सांगितलाच नाही, पण तो महत्त्वाचा आहे. फ्लो नावाचा लाटव्हियाचा सिनेमा 2024 मध्ये आला, मांजर, कुत्रा, कॅपिबारा, लेमूर, एक पक्षी, सगळे प्राणी आणि एकही बोलत नाही, प्राण्यांचे खरे आवाज वापरलेत (कॅपिबाराला उंटाच्या पिल्लाचा आवाज दिलाय, कारण तिचा स्वतःचा फार बारीक होता), आख्खा सिनेमा ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरवर केला आणि 2025 मध्ये त्याला ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालं. म्हणजे प्राणी असले तर बोलायलाच हवेत हेही खरं नाही. तर तीन्ही बोर्ड गोष्ट अजिबात माहीत नसलेल्या माणसाला दाखव, तू काही बोलू नकोस, आणि त्याला काय कळलं ते लिहून घे. ज्यात त्याला आजीचे हात आठवतात तो बोर्ड निवड.

कामाचं बोलायचं तर इथे मात्र मी तुझी थोडी कानउघाडणी करणार आहे. पोर्टफोलिओत सगळी माणसं आहेत हे ठीक, पण त्यातली बहुतेक उभी आहेत. कॅरेक्टर ॲनिमेटरच्या शोरीलमध्ये, म्हणजे काम मागताना दाखवायच्या निवडक शॉट्सच्या छोट्या व्हिडिओत, बघणारा आधी शोधतो ते वजन आणि अभिनय, म्हणजे पात्र उठताना भार कुठल्या पायावर जातो, बोलण्याआधी विचार करताना दिसतं का. ते माणसात दिसलं काय आणि अस्वलात दिसलं काय, सारखंच. मी अनेक मुलांच्या रील बघते, त्यात प्राणी पुष्कळ असतात पण ते प्राण्याचा मुखवटा घातलेली माणसंच असतात, पाय कुठे वाकतो तेच माहीत नसतं. कुत्र्याच्या मागच्या पायाचा उलटा गुडघा वाटतो तो गुडघा नसून टाच असते. घोडा भरधाव पळताना एका क्षणी चारही पाय जमिनीपासून सुटतात, हे मायब्रिज या फोटोग्राफरने 1878 मध्ये फोटो काढून दाखवलं, आणि हत्ती कितीही जोरात पळाला तरी चारही पाय एकदम हवेत जात नाहीत. असं निरीक्षण असलेलं एक चार पायांचं वॉक सायकल, म्हणजे पुन्हापुन्हा चालवता येणारी चाल, तुझ्या रीलमध्ये टाक, बोलका प्राणी मुळीच नको. बॅम्बीच्या वेळी, 1942 च्या आधी, स्टुडिओत खरी हरणाची पिल्लं आणून ठेवली होती आणि ॲनॅटॉमीचे वर्ग घेतले होते, त्यामुळे ती हरणं बोलतात तरी हरणंच वाटतात.

हे एवढ्यासाठी सांगतेय की प्राण्यांचं काम खरंच मिळतं, फक्त ॲनिमेशन सिनेमातच नाही तर व्हीएफएक्समध्ये (शूट केलेल्या सिनेमात कॉम्प्युटरवर घातलेल्या दृश्यांत) क्रीचर ॲनिमेशन, म्हणजे प्राण्यांचं ॲनिमेशन, असतं, गेम्समध्ये असतं, आणि तिथे न बोलणारे, खरे वाटणारे प्राणी लागतात. तसंच माणसांच्या बाजूला चेहऱ्याचं रिगिंग (चेहरा हलवता यावा म्हणून आत बसवलेली यंत्रणा), कपड्यांचं सिम्युलेशन (कापड कसं हलेल ते कॉम्प्युटरने काढणं), केसांचं ग्रूमिंग (केस बसवणं, विंचरणं) ही वेगवेगळी कामं आहेत. तुला हातांचं आणि चेहऱ्याचं इतकं वेड आहे तर फेशियल रिगिंग एकदा शिकून बघच, त्यासाठी एकमन आणि फ्रीसेन या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये केलेली चेहऱ्याच्या हालचालींची वर्गवारी अजून वापरली जाते, कुठला स्नायू हलला की काय दिसतं याची. रील दीड मिनिटाच्या आत ठेव, सगळ्यात चांगला शॉट सगळ्यात आधी, आणि भरती म्हणून टाकलेले शॉट काढून टाक, एक कमजोर शॉट चार चांगल्यांना खाली ओढतो.

बाबा म्हणतात कार्टून लहान मुलांसाठी असतं, असं लिहिलंयस. त्यांच्याशी वाद घालू नकोस, एका संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसून अप या 2009 च्या सिनेमाची पहिली दहा-बारा मिनिटं बघ. त्यातला म्हातारा चौकोनी आहे, खुर्ची आणि चष्मासुद्धा चौकोनी, आणि एका जोडप्याचा संसार जवळजवळ न बोलता उलगडतो. पुढे त्याच सिनेमात बोलके कुत्रेही आहेत, गळ्यातल्या पट्ट्यामुळे बोलतात पण विचार कुत्र्यासारखाच करतात, मध्येच खार दिसली की वाक्य सोडून देतात. दोन्ही एकाच सिनेमात नांदतात.

गाईडशी बोलताना "मला प्राणी आवडत नाहीत" असं म्हणू नकोस, त्याने काही होणार नाही. तिन्ही बोर्ड समोर ठेव, लोकांनी काय सांगितलं ते दाखव, आणि आधी तो सुई ओवण्याचा शॉट पेन्सिल टेस्ट (कच्च्या चित्रांत हालचाल तपासणं) करून घेऊन जा, साध्या रेषेत, सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशोबाने सात-आठ सेकंद. झाला की मलाही पाठव. करताना तुझ्या आजीला किंवा शेजारच्या कुणा म्हाताऱ्या बाईंना खरंच सुई ओवायला सांग आणि त्यांच्या परवानगीने फोनवर शूट कर, दोरा हुकतो तेव्हा त्या काय करतात ते बघ, बहुतेक सुई हलत नाही, मान हलते.