वाचकांचे प्रश्न : पिल्लाचा विमा उतरवताना

प्रश्न : दोन महिन्यांचं लॅब्राडॉरचं पिल्लू १२ हजारांना आणलं. दोन पॉलिसी समोर आहेत. एकीचा हप्ता जवळपास निम्मा, पण तिच्यात फक्त भरती आणि शस्त्रक्रिया धरली आहे. दुसरीत बाह्यरुग्ण (भरती न करता होणारे) उपचारही आहेत. कोणती घ्यावी? – एक वाचक, लातूर

उत्तर : दुसरी. भरतीवाल्या पॉलिसीत बहुधा सलग २४ तास दवाखान्यात ठेवल्याची अट असते. आपल्याकडच्या अनेक खासगी दवाखान्यांत रात्री कुत्रं ठेवून घ्यायची सोयच नसते. सकाळी सलाईन लावतात, संध्याकाळी पायातली सुई तशीच ठेवून घरी पाठवतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतात. असे पाच दिवस गेले तरी कंपनीच्या लेखी ती भरती ठरत नाही. ‘डे केअर’ चालेल असं एजंट म्हणाला, तर ते पॉलिसीच्या मजकुरात बोट ठेवून दाखवायला सांगा.

दुसरं कारण गोचीडताप. आपल्या उष्ण भागात गोचीड घरातल्या फटीतसुद्धा वाढतो आणि त्याच्या चाव्यातून एर्लिकिया, बबेसिया हे रोग होतात. एर्लिकियात रक्तातल्या प्लेटलेट घसरतात, डॉक्सीसायक्लीन साधारण चार आठवडे द्यावी लागते, मध्ये रक्त पुन्हा तपासावं लागतं. हा सगळा खर्च बाह्यरुग्ण. स्वस्त पॉलिसीतून त्यातला छदामही मिळणार नाही. महाग पॉलिसीतही दोन गोष्टी बघा : गोचीडजन्य रोग वगळलेत का, आणि बाह्यरुग्ण खर्चाला वेगळी मर्यादा आहे का. विमा रक्कम ५० हजारांची आणि बाह्यरुग्ण मर्यादा ३ हजारांची असेल, तर तुमच्या कामाचा आकडा ३ हजारच.

आता वयाचं गणित. काही कंपन्या दोन महिन्यांपासून पिल्लू घेतात, काही तीन महिन्यांनंतर. वर आजारासाठी प्रतीक्षाकाळ असतो, म्हणजे ज्या काळात दावा चालत नाही, बहुधा १५ ते ३० दिवसांचा. म्हणजे संरक्षण खऱ्या अर्थाने सुरू होईतो पिल्लू तीन-चार महिन्यांचं होतं. पार्व्हो या उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या विषाणूरोगाचा जोर मात्र दीड ते सहा महिन्यांच्या वयात, त्यामुळे धोक्याचा पहिला काळ विम्याबाहेरच जातो. तोवर लस हाच विमा. शिवाय पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो, रेबीज यांचे दावे बहुतेक कंपन्या लसीकरण वेळेवर झालं असेल तरच मान्य करतात. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांना, पुढचे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, शेवटचा १६ आठवड्यांच्या सुमारास. रेबीजची लस तीन महिन्यांना, मग वर्षाने पुन्हा. प्रत्येक वेळी कुपीवरचं लेबल कार्डावर चिकटवून, तारीख, सही, शिक्का घ्या. मेडिकलमधून आणून घरीच टोचलेली लस कागदावर शून्य. शरीरातही तिची खात्री नाही, कारण लस २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी आणि मे महिन्यात पिशवीतून आणलेल्या कुपीत काय उरलं हे कुणालाच सांगता येत नाही.

हातात किती पडेल तेही आधीच मांडून बघा. बिल १८ हजारांचं, पहिले २ हजार तुमचे, उरलेल्यावर २० टक्के सहभाग तुमचा, असं असेल तर कंपनी देईल १२,८००. पैसे आधी तुम्हाला भरावे लागतात, परतावा मागून येतो.

लॅब्राडॉरला खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष असू शकतो. ‘जन्मजात व आनुवंशिक’ हे शब्द वगळलेल्या यादीत सापडले, तर तो खर्च धरूच नका. लस, जंतनाशक, नसबंदी, अंघोळ-केस हेही बहुधा बाहेरच. मृत्यूचं संरक्षण मोठं घेण्यात अर्थ नाही. १२ हजारांच्या पिल्लाचे फार तर १२ हजारच मिळतील. हप्ता उपचारांवर घाला.

प्रश्न : शेतातल्या आखाड्यावर कारवानी या देशी शिकारी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू पाळलं आहे. खरेदीपावती नाही, वंशावळीचा कागदही नाही. विमा निघेल? – एक शेतकरी, परभणी जिल्हा

उत्तर : निघू शकतो. केनेल क्लबचा वंशावळीचा कागद सगळ्याच कंपन्या मागत नाहीत. काहीजण संकरित आणि गावठी कुत्रीही घेतात. पशुवैद्यकाकडून जात, वय, रंग, खुणा आणि किंमत लिहिलेला दाखला घ्या. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे तपासणी करून घेता येईल. समोरून आणि दोन्ही बाजूंनी तारखेसह फोटो काढा. मायक्रोचिप बसवली तर उत्तमच : तांदळाच्या दाण्याएवढी, १५ अंकी क्रमांकाची, खांद्यांच्या मधे कातडीखाली टोचतात. म्हशीच्या कानात बिल्ला नसेल तर दावा नाही, हे तुम्हाला सांगायला नको. कुत्र्याची ओळख पटली नाही तर इथेही तेच.

प्रस्तावात कुत्रं शेतावर मोकळं राहतं हे खरं लिहा. ‘घरात’ असं लिहिलं आणि ते विहिरीत पडलं, तर वाद तिथेच सुरू होईल. सर्पदंश आणि विषबाधा धरली आहे का ते विचारा. ससे धरायला कारवानी नेत असाल तर थांबवा. तो वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि शिकारीतली इजा विम्यातही बसत नाही.

कुत्रं दगावलं तर पुरायच्या आधी कंपनीला कळवा. शवविच्छेदन मागितलं जाऊ शकतं आणि उन्हाळ्यात शव काही तासांत खराब होतं, म्हणून बर्फात ठेवून लगेच हलवा.

प्रश्न : उपचार गावातल्या एका खासगी माणसाने केले, कंपनीने दावा नाकारला. आता काय? – एक वाचक, बीड

उत्तर : तो माणूस नोंदणीकृत पशुवैद्यक नसेल तर कंपनीचं म्हणणं बरोबर आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पदवीधरानेच करायचा. पुढच्या वेळी चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक आहे का बघा आणि मेडिकलचं पक्कं बिल त्याच चिठ्ठीला जोडा.

उपचार करणारा नोंदणीकृत असूनही नाकारलं असेल, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत अर्ज करा. फी नाही, वकील लागत नाही. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या पोर्टलवर किंवा १५५२५५ या फोन क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

प्रश्न : पिल्लू मोठं होऊन शेजाऱ्याला चावलं तर? – एक वाचक, जालना

उत्तर : उपचाराच्या पॉलिसीत ते येत नाही. ‘त्रयस्थ दायित्व’ (दुसऱ्याला झालेल्या इजेची किंवा नुकसानीची जबाबदारी) हे कलम वेगळं घ्यावं लागतं आणि त्यातूनही फक्त भरपाई मिळते. निष्काळजीपणाबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा झाला, तर सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा पाच हजारांपर्यंतचा दंड, किंवा दोन्ही, हे विम्याने टळत नाही.