निस्तार आणि 'निस्तरणे'

चिमूरकडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे : "घरातल्या जुन्या महसुली कागदांत 'निस्तार' हा शब्द वारंवार येतो. पुण्याकडच्या मित्रांना तो ठाऊकच नाही. शब्द फारसी आहे, की आपल्या 'निस्तरणे'चाच भाऊ?"

भाऊच. निस् आणि तृ, म्हणजे तरून जाणे, पार पडणे. "करून ठेवलंस ना, आता निस्तर" यातला धातू तोच. हिंदीत निस्तार मोक्षापर्यंत पोचला. मध्य प्रांताच्या महसुली भाषेत त्याला फार जवळचा अर्थ मिळाला : ज्यावर गावकऱ्याचे भागते ते. सरपण, नांगर-वखराचे लाकूड, कुंपणाच्या काट्या, छपराचे गवत, घराला माती-मुरूम, गुरांची चराई.

पुण्याच्या मित्रांना तो कळत नाही, कारण त्यांच्याकडे त्याची गरजच पडली नाही. तिकडे रयतवारी, म्हणजे शेतकरी आपला सारा थेट सरकारला भरणार, मधे गावाचा मालक नाही. वऱ्हाडातही तीच, म्हणून अमरावती-अकोल्याकडे गावच्या चराईच्या जमिनीला 'ई क्लास' म्हणतात. आपल्याकडे, पूर्व विदर्भात, नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि त्यानंतरच्या जमीन-महसुलाच्या बंदोबस्तात, म्हणजे सारा ठरवण्याच्या कामात, मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. 'माल' म्हणजे महसूल, 'गुजार' म्हणजे भरणारा. जो गावाचा सारा गोळा करून भरत होता, तोच कागदावर मालक झाला. गावची पडीक, झुडपी जंगल, तलाव सगळे त्याच्या नावावर. (पूर्व विदर्भातले 'मामा तलाव' ते हेच, माजी मालगुजारी तलाव. कुणाच्या मामाचा संबंध नाही.) मग वहिवाटीने चालत आलेले लाकूड-गवत-पाणी बाकीच्यांनी कशाच्या आधाराने घ्यायचे? ते लिहून ठेवावे लागले आणि त्या लिहिण्यात 'निस्तार' शब्द पक्का झाला.

त्याच्या जोडीने 'वाजिब-उल-अर्ज' येतो. हा मात्र अरबी. त्यातला 'वाजिब' आपल्या 'वाजवी'त आहे आणि 'अर्ज' तर आपण रोज करतो. सिंचनाचे पाणी, वाटेचा हक्क, मासेमारी यांबाबतचे गावचे रिवाज त्यात नोंदवतात.

१९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली, पण शब्द टिकला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधली निस्तारपत्रकाची, म्हणजे गावच्या निस्ताराच्या लेखी नोंदीची, कलमे १६१ पासून सुरू होतात आणि ती फक्त विदर्भाला लागू आहेत. पत्रक जिल्हाधिकारी करतात, पण मसुदा गावात प्रसिद्ध करून रहिवाशांची इच्छा जाणून घ्यावी लागते. शेतीच्या गुरांना मोफत चराई, घरच्या वापरापुरते वनोपज आणि गावच्या कारागिरांना त्यांच्या कामाचा माल, यांची तरतूद त्यात करायची असते. पुढे नोंद बदलायची तर ग्रामपंचायत मागणी करू शकते. पंचायत नसेल तिथे गावातल्या एक चतुर्थांश प्रौढांचा अर्ज चालतो.

म्हणून मला एक गोष्ट मनापासून खटकते. हल्ली 'निस्तार सवलत' असे लिहिलेले दिसते. सवलत देणाऱ्याच्या मर्जीची असते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडची माणसे 'निस्तार हक्क' म्हणतात, तेच बरोबर आणि आपणही तेच लिहावे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) सारखे गाव आपल्या जंगलासाठी उभे राहिले, ते सवलतीसाठी नव्हे. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, त्याआधीपासून गाव निस्ताराबद्दल बोलत होते.

आणखी एक गल्लत. 'प्रकरणांचे निस्तारण' हे हिंदी कचेऱ्यांतून आलेले रूप आहे, अर्थ निकाली काढणे. त्याचा निस्तारपत्रकाशी काही संबंध नाही. मराठीत 'निपटारा' आहे, 'निकाली काढणे' आहे, तेवढ्यावर भागते. निस्तार मात्र बदलू नका. त्याच्या जागी 'वापर' लिहिले, तर लाकूडफाटा कागदावर राहील, पण त्यावरचा गावाचा दावा दिसेनासा होईल.