स्टुडंट एक्सचेंजला (म्हणजे एखादं सेमिस्टर परदेशातल्या युनिव्हर्सिटीत शिकायला) पहिल्यांदा अर्ज करतोयस ना, मग एवढं बघ

अरे मस्त, नक्की कर अर्ज! फक्त देश निवडत बसू नको, आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन परदेशातल्या कोणकोणत्या युनिव्हर्सिटींशी करार आहे ती यादी घे, कारण करारातून गेलं की बहुतेक वेळा तिकडची ट्युशन फी माफ असते, राहणं-खाणं आणि विमा मात्र आपल्याच खिशातून.

नवीन मुलं हमखास इथे अडकतात:

- क्रेडिट्स. तिकडचे विषय इथे धरणार का हे निघण्याआधीच लेखी घे, विषयांच्या नावांसकट, सही-शिक्क्यासकट. तोंडी "होऊन जाईल"वर जाऊ नको, सेमिस्टर वाया गेलं की फार जीव जळतो रे.
- शिफारसपत्र. सरांना महिनाभर आधी सांग.

इरॅस्मस मुंडस (युरोपातला स्कॉलरशिपवाला कार्यक्रम) मास्टर्ससाठी असतं, ते नंतर बघू. अख्खं सेमिस्टर जड वाटलं तर समर स्कूलपासून (उन्हाळ्यातला छोटा कोर्स) सुरुवात कर, तेही छानच असतं.