लाईट गेली तर चालेल, न्यूट्रल जायला नको

वळवाचा पहिला पाऊस पडला की माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात. तीस वर्षं झाली, जुन्या बिल्डिंगींची वायरिंग उकलतोय, प्रश्न बदलत नाहीत, फक्त फ्रिज महाग झालेत. यावेळी एकदाच सगळी उत्तरं लिहून टाकतो.

पुण्यात गुरुवारीच लाईट का घालवतात?

मेंटेनन्ससाठी. फांद्या तोडायच्या, डीपीचं, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचं, ऑइल बघायचं, जॉइंट घट्ट करायचे, हे चालू लाईनवर कसं करणार?

छतावर सोलर बसवलं, तरी लाईट गेली की घरात अंधार. आम्हाला फसवलं का?

नाही. बॅटरी नसलेलं ग्रिडवालं सोलर लाईट गेली की स्वतःहून बंद पडतं, पडायलाच पाहिजे, नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी लाईनीत जाईल आणि खांबावरच्या वायरमनला बसेल. हे विकताना सांगितलं नसेल तर तेवढ्यापुरतं फसवलं म्हणा.

१६ अँपिअरचा एमसीबी सारखा पडतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो ३२ चा टाकू, प्रॉब्लेमच संपेल.

एमसीबी पडायचा संपेल, मग वायर जळेल. एमसीबी म्हणजे जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा स्विच, तो वायरीला वाचवायला असतो हो. जुन्या वाड्यांत, चाळींत वायरिंग झालं तेव्हा घरात एक पंखा आणि तीन बल्ब होते, आता त्याच वायरीवर एसी, गिझर आणि इंडक्शन. आधी परवानाधारक माणसाकडून लोड मोजून घ्या.

दुकानदार म्हणतो १५० एएचची बॅटरी घ्या, दिवसभर चालेल. खरं आहे का?

गणित करा. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच (अँपिअर-तास) म्हणजे १८०० वॅट-तास, तेही कागदावर. इन्व्हर्टर थोडं खातो, बॅटरी पार तळापर्यंत उतरवायची नसते, हातात हजार-बाराशे येतात. दोन साधे पंखे १५०, चार एलईडी आणि वायफाय मिळून पन्नास-एक वॅट, म्हणजे नवी असताना पाच-सहा तास. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, केले तर जवळजवळ दुप्पट. दुकानदाराचा दिवस सहा तासांचा असेल तर तो खरं बोलतोय. आणि बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, आरओचं नाही, एसीतून ठिबकणारं तर नाहीच, ते व्हॉट्सॲपवर कोणीही म्हणो.

प्लगला लावायचा पॉवर सेव्हर घेतला, बिल तीस टक्के कमी होणार म्हणाले होते. काहीच फरक नाही.

पडणारही नाही. उघडून बघितलेत मी असे डबे, एक कपॅसिटर, एक हिरवा दिवा. घरगुती बिल युनिटवर येतं, त्याला कपॅसिटरने काही होत नाही. परत करा.

पंप चालू झाला की आमचे दिवे एकदम प्रखर होतात, वरच्या मजल्यावर मात्र डिम. मागच्या आठवड्यात टीव्ही उडाला. मोठा स्टॅबिलायझर घ्यावा का?

नको, आणि हे नीट वाचा. दिवे डिम झाले तर व्होल्टेज कमी, ते एकवेळ समजू शकतो, पण एकीकडे डिम आणि दुसरीकडे प्रखर दिसलं की आधी न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत जायच्या वायरीवर, संशय घ्यायचा. बिल्डिंगला तीन फेज, म्हणजे तीन चालू वायरी, येतात, घरं त्यांच्यावर वाटलेली असतात आणि सगळ्यांचा न्यूट्रल एकच. तो सैल झाला किंवा तुटला की तुमच्या घरात २३० राहत नाही, दोन फेजमधलं ४०० व्होल्ट दोन घरांत वाटलं जातं, आणि ज्याच्याकडे लोड कमी त्याला जास्त. शेजाऱ्याचा गिझर चालू आणि तुमचा नुसता टीव्ही, तर टीव्हीला साडेतीनशेच्या वर बसू शकतं. घरातला साधा स्टॅबिलायझर तिथे टीव्हीबरोबरच जातो.

गेल्या वर्षी एका चार मजली बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये पॅनेलचं झाकण काढलं तर न्यूट्रल लिंकवरची वायर करपून कोळसा झालेली, आणि मेन बंद करून बोल्टला हात लावला तर तो दोन बोटांनी फिरला! वरून स्लॅब गळत होता, ॲल्युमिनियमच्या केबलवर पांढरी पावडर आलेली. त्याच्या दोन महिने आधी मी हेच सांगितलं होतं, उत्तर आलं की पुढच्या मीटिंगला विषय घेऊ. मीटिंगच्या आधी पाच टीव्ही आणि दोन फ्रिज गेले. ग्रिड जुनं झालंय, केबल जुन्या आहेत, रस्ते खोदणारे त्या तोडतात, सगळं खरं, पण मीटर रूमचं गळकं छत सोसायटीचंच आहे ना!

तर दिवे असे खालीवर झाले की टीव्हीचा प्लग शोधत बसू नका, घराचा मेन स्विच पाडा, बाकीच्या घरांना ओरडून सांगा आणि १९१२ वर तक्रार करून नंबर लिहून ठेवा, पुढे भरपाई मागायची झाली तर तोच लागतो. मीटर रूम परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडून पावसाच्या आधी तपासून घ्या. ठराविक व्होल्टेजच्या वर-खाली गेलं की लाईन तोडणारा प्रोटेक्टर मिळतो, तो बसवा, कुठला ते लोड बघून त्यालाच ठरवू दे. आणि न्यूट्रल गेला म्हणून कोणी अर्थिंगमधून न्यूट्रल घेऊन देतो म्हणाला तर त्याला जिन्यावरूनच परत पाठवा, त्या जुगाडाने वॉशिंग मशीनच्या पत्र्याला करंट येतो.

आमची फेज गेली की आम्ही सिलेक्टर फिरवून दुसरीवर जातो. चालतं ना?

तुम्ही एकटे गेलात तर चालतं. अख्खी बिल्डिंग जाते, मग त्या दुसऱ्या फेजचाही फ्यूज उडतो. एसी-गिझर बंद करून मगच फिरवा, आणि हे रोजचंच असेल तर लोड वाटून घ्या.

आई घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आहेत. इन्व्हर्टर पुरेल का?

फक्त त्यावर अवलंबून राहू नका. मशीनचे वॅट बघा, प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टरच घ्या, पण भरलेला सिलेंडर घरात पाहिजेच. तो किती वेळ पुरेल आणि आईंना कधी हलवायचं हे डॉक्टरांना आजच विचारा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची लाईट गेली, लोकलसुद्धा उभ्या राहिल्या, आणि काही भागांत ती यायला संध्याकाळ झाली.

छोटा पेट्रोल जनरेटर आहे. दोन्ही बाजूंना प्लग असलेली वायर करून घेतलीय, ती सॉकेटमध्ये घातली की अख्खं घर चालतं. मेन बंद करायचं लक्षात ठेवतो.

एखाद्या दिवशी विसराल. त्या दिवशी तुमचे २३० व्होल्ट डीपीतून उलटे जाऊन ११ हजार होतील, आणि वर लाईन बंद आहे असं समजून कोणीतरी तारेला हात लावलेला असेल. त्या वायरीची उघडी पिन तुमच्याच घरात पोराच्या हाताला लागली तरी तेच. चेंजओव्हर स्विच, म्हणजे एकावेळी लाईन नाहीतर जनरेटर एवढंच जोडणारा, परवानाधारकाकडून बसवून घ्या, तोपर्यंत जनरेटर लावू नका. आणि ती वायर आज, हे वाचून झाल्यावर, मधोमध कापून टाका.