चेंडू लहान घ्या, रिंग खाली आणा

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीची १६ मुलं बास्केटबॉल शिकतात. चेंडू ४, सगळे ७ नंबरचे, रिंग एकच. ड्रिबल (टप्पे मारत चेंडू नेणं) रांगेत छान करतात, पण खेळ सुरू झाला की मान खाली जाते. बास्केट तर सगळे कमरेपासून दोन्ही हातांनी फेकतात. काय चुकतंय?
– एक शिक्षक, पुसद तालुका

उत्तर : सर, मुलांचं काहीच चुकत नाही. ७ नंबरचा चेंडू सुमारे ६०० ग्रॅमचा, मोठ्या पुरुषांचा. रिंग १० फुटांवर. अकरा वर्षांच्या हातात तेवढं बळ नसतं, म्हणून पोरगं चेंडू कमरेपर्यंत खाली नेऊन झोका घेतं. ती सवय एकदा लागली की मोडायला फार जड जाते. या वयाला ५ नंबरचा चेंडू आणि साडेआठ फुटांवरची रिंग हवी. गावच्या लोहाराकडून सळईची ४५ सेंटिमीटर आतल्या व्यासाची कडी करून भिंतीवर पक्की बसवा. भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

मग रिंगपासून तीन फुटांवर उभं करा. चेंडू बोटांवर, तळव्याखाली थोडी पोकळी. कोपर चेंडूच्या खाली, गुडघे वाकलेले. दुसरा हात फक्त बाजूने आधाराला. चेंडू सुटल्यावर मनगट खाली झुकलेलं दिसलं पाहिजे. दहापैकी सात पडले की एक पाऊल मागे. कोपर बाहेर फाकायला लागलं की पुन्हा पुढे आणा, मग चेंडू रिंगमध्ये पडत असले तरी.

मान खाली जाते, कारण रांगेतून थेट पाच-पाचच्या सामन्यात उडी मारली. मधल्या पायऱ्या राहिल्या. आधी जागेवर, कमरेच्या खाली टप्पा, ३० सेकंद उजवा हात, ३० डावा. मग तुम्ही समोर बोटं दाखवा, मुलांनी टप्पा न थांबवता आकडा ओरडायचा. पुढे चालत, मग धावत. त्यानंतर समोर एक जण, हात पाठीमागे बांधून. मग त्याचे हात मोकळे. एकास एक जमलं की दोनास दोन, तीनास तीन. चार-चारचे चार गट करा, प्रत्येकाला एक चेंडू, म्हणजे रिंगखाली रांग लागत नाही.

ले-अप, म्हणजे धावत येऊन उडी मारून रिंगजवळून चेंडू टाकणं, मात्र चेंडूविना सुरू करा. उजव्या बाजूने उजवं पाऊल, डावं पाऊल, डाव्यावरून उडी, उजवा गुडघा वर. पाय उलटे पडत असतील तर जमिनीवर चुन्याचे दोन ठसे काढा. पावलं बसली की चेंडू हातात द्या, ड्रिबल सगळ्यात शेवटी. चेंडू बोर्डावरच्या चौकोनाच्या उजव्या वरच्या कोपऱ्याजवळ लागायला हवा. लोहाराच्या रिंगमागे तो चौकोन भिंतीवर चुन्यानेच आखा.

प्रश्न : आमच्या मैदानावर चेंडू उसळतच नाही. हवा वाढवू का?
– एक पालक, दारव्हा तालुका

उत्तर : आधी सिमेंटच्या ओट्यावर तपासा. ६ फुटांवरून सोडलेला चेंडू साधारण साडेतीन फूट वर आला तर हवा बरोबर आहे, दोष काळ्या मातीचा. भुसभुशीत मातीत टप्पा मरतो. मुरूम टाकून, पाणी मारून रोलर फिरवा. तोवर ड्रिबल ओट्यावरच. हवा वाढवू नका, कारण एप्रिलच्या दुपारी चेंडू तापून आणखी टणक होतो.