वाचकांचे प्रश्न : कराटेचा ड्रेस पांढराच हवा का?

प्रश्न : माझी ९ वर्षांची मुलगी प्रतापनगरमधील एका क्लासमध्ये दोन वर्षे कराटे शिकली. तिथे सर्वांचा ड्रेस पांढरा होता. घर बदलल्यामुळे आता ती मनीषनगरमधील दुसऱ्या क्लासमध्ये जाते आणि तिथल्या सरांनी लाल सदरा व काळी विजार घ्यायला सांगितले आहे. पांढरा ड्रेस घेऊन जेमतेम चार महिने झाले आहेत. कराटेला रंगीत ड्रेस चालतो का? सासूबाईंना तर हा क्लासच खरा वाटत नाही.
— एक पालक, नागपूर

उत्तर : केवळ ड्रेसच्या रंगावरून क्लास खरा की खोटा हे ठरत नाही, मात्र चार महिन्यांचा पांढरा ड्रेस कोणाला देऊन टाकू नका, कारण मुलगी पुढे स्पर्धेत उतरली तर तोच लागेल. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांनुसार स्पर्धकाने पांढराच पोशाख घालायचा असतो आणि त्यावर, स्वतःचा पट्टा कोणत्याही रंगाचा असला तरी, एकाने लाल व दुसऱ्याने निळा पट्टा बांधायचा असतो. पंचांना दोघे वेगळे ओळखू यावेत एवढाच त्या दोन पट्ट्यांचा उद्देश आहे.

आता हा पांढरा रंग आला कुठून, ते पाहू. कराटेचे मूळ घर जपानच्या दक्षिणेकडचे ओकिनावा बेट. तिथे जुन्या काळी या विद्येसाठी वेगळा पोशाख नव्हताच; लोक नेहमीच्या कपड्यांत शिकत आणि उकाड्याच्या दिवसांत अंगावर शक्य तितके कमी ठेवत. (नागपूरचा मे महिना काढलेल्यांना याचे कारण समजावून सांगावे लागणार नाही.) ओकिनावाचे कराटे शिक्षक गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली तोक्योमध्ये कराटेची प्रात्यक्षिके दाखवली आणि ते तिथेच शिकवू लागले, तेव्हा त्यांच्यासमोर ज्यूदोचा नमुना होता. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली स्थापन केलेल्या कोदोकान या संस्थेत जाड सुती सदरा, विजार आणि पट्टा हा पोशाख तोवर रुळलेला होता. ज्यूदोत प्रतिस्पर्ध्याची कॉलर आणि बाही धरून ओढायची असल्याने कापड जाड आणि घट्ट विणीचे लागते. कराटेत धरपकड कमी आणि हात-पाय झपाट्याने चालवायचे असल्याने तोच पोशाख हलक्या कापडात आला. पांढरा रंग त्याच्याबरोबर आपोआप आला.

पांढरा म्हणजे शुद्धता, असे क्लासमध्ये मुलांना सांगितले जाते आणि जपानी मनाला ही कल्पना परकी नाही. तरीही माझ्या मते साधे कारण आधीचे असावे : सुती कापड रंगवले नाही की ते पांढरटच असते, स्वस्त पडते, आणि श्रीमंताच्या व गरिबाच्या मुलाला एकाच रांगेत उभे करते. जपानमधल्याच केन्दोकडे, म्हणजे बांबूच्या तलवारीच्या खेळाकडे, पाहा. तिथे सदरा आणि हाकामा ही घेरदार विजार पुष्कळदा नीळ दिलेला, गडद निळा असतो, आणि नवा असेपर्यंत त्याचा रंग खेळाडूच्या हातापायांना लागतो. इंडोनेशिया-मलेशियाकडच्या सिलाट या युद्धकलेत काळा पोशाख रूढ आहे, तर रशियात घडलेल्या सांबो या कुस्तीच्या प्रकारात लाल आणि निळ्या रंगाची जाकिटे असतात. कोरियातल्या तायक्वांदोत पोशाख पांढरा असला तरी गळ्याची पट्टी बोलते : ब्लॅक बेल्ट मिळवलेल्याची ती काळी असते आणि १५ वर्षांखालील मुलाने ती पातळी गाठली तर लाल-काळी. आपल्या आखाड्यातल्या लाल लंगोटाचा रंग मारुतीचा, हे आपल्याला ठाऊक असते म्हणून त्याबद्दल कोणी विचारत नाही. बाहेरून आलेल्या विद्येच्या बाबतीत मात्र प्रत्येक रंगामागे काही गूढ असणार असे आपण धरून चालतो.

म्हणून सासूबाईंची शंका मी अगदीच मोडीत काढणार नाही, फक्त ती ड्रेसवरून काढून सरांकडे वळवावी असे सुचवेन. त्यांचे स्वतःचे ग्रेडिंग, म्हणजे पट्ट्याची पातळी, कोणत्या संघटनेने दिलेले आहे, ते कोणती शैली शिकवतात, मुलांना कोणत्या नियमांच्या स्पर्धांना पाठवतात आणि मुलीचा आधीचा पट्टा ते ग्राह्य धरणार का, हे त्यांना मोकळेपणाने विचारा. लाल-काळा पोशाख केवळ क्लासची ओळख म्हणून किंवा गॅदरिंगमधल्या प्रात्यक्षिकासाठी असेल, तर रोजच्या सरावाला पांढरा चालवून घ्या अशी विनंती करण्यात संकोच नको; समंजस शिक्षक ती मान्य करतो. विचारल्यावर ‘आमच्याकडे असेच असते’ एवढेच उत्तर मिळाले आणि ड्रेस त्यांच्याकडूनच घेण्याची सक्ती झाली, तर मात्र सासूबाईंचे ऐकावे.

प्रश्न : मी महाविद्यालयाकडून ज्यूदो खेळतो. पांढरा पोशाख असताना निळाही घ्या असे सांगितले जाते. दोन पोशाखांचा खर्च कशासाठी? आणि निळ्या पोशाखातला खेळाडू जास्त जिंकतो, असे मित्र म्हणतात, ते खरे का?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : खर्चाबद्दलची आपली तक्रार जुनी आहे आणि ती खुद्द जपानने केलेली आहे. पूर्वी दोन्ही स्पर्धक पांढऱ्यात असत आणि एकाच्या कमरेला लाल, दुसऱ्याच्या कमरेला पांढरा पट्टा असे. दोघे एकमेकांत गुंतून मॅटवर लोळू लागले की कोणाचा हात आणि कोणाचा पाय हे पंचांनाही पटकन कळत नसे, मग दूरदर्शनवर पाहणाऱ्याची काय कथा! १९६४ च्या तोक्यो ऑलिम्पिकमध्ये खुल्या गटात जपानी मल्लाला हरवणारे डच खेळाडू आंतोन गेसिंक यांनी १९८६ साली एकाने निळा पोशाख घालावा असे सुचवले. परंपरा आणि दुप्पट खर्च या दोन्ही कारणांसाठी जपानचा त्याला विरोध होता. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९७ साली निळा पोशाख स्वीकारला आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये तो दिसला. जपानच्या देशांतर्गत प्रमुख स्पर्धा आजही पांढऱ्यातच होतात. मला विचाराल तर निर्णय योग्यच होता. पण त्याची किंमत पदक मिळवणाऱ्यापेक्षा पहिल्या फेरीत बाद होणाऱ्याला जास्त जाणवते. आपल्या स्पर्धेच्या माहितीपत्रकात दोन्ही रंग सक्तीचे आहेत का ते आधी पाहा, आणि असल्यास महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात दोन-तीन मापांचे सामाईक निळे पोशाख ठेवण्याची मागणी करा.

निळा जिंकतो, ही गोष्ट निराधार नव्हे, पण अर्धवट आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमधील बॉक्सिंग, तायक्वांदो आणि कुस्तीच्या लढती तपासून दोन ब्रिटिश संशोधकांनी २००५ साली दाखवले की लाल रंगातल्या स्पर्धकांनी सुमारे ५५ टक्के लढती जिंकल्या, म्हणजे निम्म्याहून थोड्या जास्त. त्याच वर्षी ज्यूदोबद्दल, पांढऱ्यापेक्षा निळ्याला झुकते माप मिळते, असा दुसरा निष्कर्ष आला. मात्र २००८ मध्ये दोन डच संशोधकांनी ज्यूदोच्या लढती पुन्हा तपासल्या, तेव्हा तो लाभ रंगाचा नसून स्पर्धेच्या मांडणीतून आलेला निघाला. शिवाय कोणता रंग घालायचा हे खेळाडू ठरवत नाही, लढतींच्या यादीतला क्रम ठरवतो. तेव्हा मित्रांचे म्हणणे खरे मानले तरी त्याचा उपयोग आपल्याला करता येणार नाही.

प्रश्न : नातू कराटेचा पट्टा धुवू देत नाही, धुतला की विद्या निघून जाते म्हणतो. पट्ट्याला वास येतो. काय करावे?
— एक आजोबा, महाल, नागपूर

उत्तर : धुवावा. पांढरा पट्टा न धुता वर्षानुवर्षे मळून काळा झाला आणि त्यातून ब्लॅक बेल्ट आला, ही नातवाने ऐकलेली कथा रंजक आहे, पण ती दंतकथाच. काळा पट्टा ज्यूदोचे जनक कानो यांनी १८८० च्या दशकात वरच्या पातळीची खूण म्हणून दिला, आणि पिवळा, नारिंगी, हिरवा अशी आजची चढण पुढे युरोपात वाढली. १९३० च्या दशकापासून पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांचा त्यात मोठा वाटा होता. घामट पट्टा आणि ड्रेस न धुता वापरले तर मॅटवर एकाचा नायटा दहाजणांना होतो. पट्टा थंड पाण्यात वेगळा धुवून सावलीत वाळवावा, नाहीतर त्याचा रंग पांढऱ्या सदऱ्यावर उतरेल. सदऱ्याला थोडी नीळ चालते. ब्लीच मात्र टाळावे, कारण त्याने सुताची ताकद जाते आणि पॉलिएस्टर मिसळलेले कापड पिवळे पडते. नवा ड्रेस असेल तर गरम पाण्यातही घालू नये. बाह्या कोपरापर्यंत आखडल्या तर नातू त्याचाही दोष धुण्यालाच देईल.