पहिलं वर्ष एकटीनेच कर

अगं, विक्का, म्हणजे निसर्गाला पूजणारा आणि स्वतःला 'विच' म्हणवणाऱ्यांचा हा आधुनिक धर्म, आवडला म्हणून लगेच कोव्हेन, म्हणजे त्यांचा छोटा गट, शोधू नकोस. विक्कातल्या गार्डनेरियन परंपरेत दीक्षेआधी साधारण एक वर्ष आणि एक दिवस थांबवतात, ते उगाच नाही. तोवर घराजवळचं एकच झाड निवड. ३१ ऑक्टोबरच्या सॉविन सणापासून विक्काच्या वर्षातल्या आठही सणांना त्याच्यापाशी जाऊन बस. कोंब कधी फुटले, पानं कधी गळली, वहीत लिही. इंग्लंडात आले तेव्हा मी फार परकी होते, एका ओकनेच मला इथलं केलं. विधींची सुरी, स्फटिक नंतर घे. कुणी गुरू पैसे किंवा शरीर मागू लागला, तर तिथून सरळ निघून ये. आणि आईला सांगताना 'चेटकीण' हा शब्द टाळ; आपल्याकडे त्या शब्दापायी बायकांनी मार खाल्लाय.